आठवड्याची गोळी आणि पुडीवाला वैद्य

आमच्या वस्तीतल्या एक मावशी चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी तास-दोन तास बोटं वळत नाहीत. निदान झालं आमवाताचं, गोळी मिळाली मेथोट्रेक्झेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. मावशींनी रोज घेतली. आठवड्यात तोंड फोडांनी भरलं, पांढऱ्या पेशी घसरल्या, ॲडमिट करावं लागलं. चिठ्ठी इंग्रजीत होती. मावशींना मराठी चांगलं वाचता येतं!

'साइड इफेक्ट झाला' म्हणून सगळे मोकळे झाले. आम्ही विचारतो, हा गोळीचा दुष्परिणाम की चिठ्ठीचा?

ही गोळी जुनी, स्वस्त आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली आहे. ती रोज घेतली गेल्याने जगभर माणसं दगावली आहेत, हे डॉक्टरी पेशाला ठाऊक आहे. सोबत फॉलिक ॲसिड लागतं, ठरावीक काळाने रक्ताची आणि लिव्हरची तपासणी लागते. गरोदरपणात तर ती चालतच नाही. पण तपासणी म्हणजे एक दिवसाचा खाडा. महात्मा फुल्यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे, पण ती मुख्यतः दाखल रुग्णांसाठी. वर्षानुवर्षं गोळ्या खाणाऱ्या बाईने काय करायचं?

मग ती पुडीवाल्याकडे जाते. 'जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही.' दोन दिवसांत आराम! अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि महिनोन्‌महिने घेतलेली पुडी एकदम सोडली तरी जिवावर बेतू शकतं. कालाम सुत्ताच्या पोस्ट टाकणारे आमचेच कार्यकर्ते पुडीवाल्याचा नंबर ग्रुपवर फिरवतात, याची आम्हाला लाज वाटते.

बाबासाहेबांनाही मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने छळलं. त्यांच्या उशाशी स्वतः डॉक्टर असलेल्या माईसाहेब होत्या. मावशींच्या उशाशी कोण आहे?

१४ एप्रिलच्या शिबिरात बीपी मोजलं, बॅनरसमोर फोटो काढला, की आमचं आरोग्यकार्य संपतं. (आम्हीही त्या फोटोंत आहोत.) यंदा एक टेबल वेगळं लावा. लोकांना घरातल्या चिठ्ठ्या आणि गोळ्या घेऊन बोलवा, एखादा आपला फार्मासिस्ट पोरगा बसवा आणि प्रत्येक पाकिटावर मराठीत लिहून द्या. डॉक्टरांनी मावशींची गोळी पुन्हा सुरू केली, तेव्हा आम्ही मार्करने लिहिलं: 'फक्त बुधवारी.'