'नको' म्हणण्याचा अधिकार कुणाचा?

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात काकाडू नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. या उद्यानाने चहूबाजूंनी वेढलेला एक जमिनीचा पट्टा आहे, जाबिलुका. त्याच्या पोटात सुमारे १ लाख ३७ हजार टन युरेनियम ऑक्साईड आहे, असा खाण कंपनीचा हिशेब. जुलै २०२४ मध्ये तेथील प्रांतिक सरकारने केंद्राच्या सल्ल्यावरून 'एनर्जी रिसोर्सेस ऑफ ऑस्ट्रेलिया' या कंपनीला पट्ट्याची मुदत वाढवून देण्यास नकार दिला. १९८२ पासूनचा पट्टा ऑगस्टमध्ये संपत होता. कंपनी कोर्टात गेली. आम्हाला न्याय्य सुनावणी मिळाली नाही, आमचा हक्क हिरावला, अशी तिची ओरड. २०२५ मध्ये फेडरल न्यायालयाने तिचा दावा फेटाळला.

वाचक म्हणतील, सातासमुद्रापलीकडचे हे भांडण, आपल्याला त्याचे काय? आम्हाला वाटते, आपल्याला त्याचे बरेच काही आहे.

वरवर पाहता हा कंपनी आणि सरकार यांच्यातला खटला. पण त्या जमिनीचे खरे धनी तिसरेच आहेत. मिरार नावाचे मूलनिवासी लोक. याच पट्ट्याच्या हद्दीतल्या एका शैलाश्रयात ६५ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीचे पुरावे सापडले आहेत. तरीही गोऱ्यांनी हा अवघा खंड 'बिनमालकीची भूमी' ठरवून गिळला. ही लबाडी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढायला १९९२ साल उजाडावे लागले. बिनमालकीची भूमी! हा शब्द आमच्या लोकांना नवा नाही. आम्ही पिढ्यान् पिढ्या कसतो ते गायरान सरकारदप्तरी 'अतिक्रमण' असते, आणि तीच जमीन एखाद्या कारखानदाराला हवी झाली की एका रात्रीत 'उपलब्ध' होते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या हाकेसरशी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये आमच्या आयाबहिणींनी तुरुंग भरले, ते याच कागदी खेळाविरुद्ध.

मिरारांची फसवणूक तर कायद्याच्या भाषेत झाली. १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियात मूलनिवासींच्या भूमिहक्काचा कायदा झाला. त्यात खाणीला नकार देण्याचा अधिकार दिला गेला. पण जाबिलुकाशेजारच्या रेंजर खाणीपुरते खास कलम घालून तोच अधिकार काढून घेतला गेला. १९७७ च्या चौकशी अहवालात मूलनिवासींचा विरोध प्रामाणिकपणे नोंदवला आहे, आणि त्याच अहवालात त्या विरोधाला निर्णायक ठरू देऊ नये असेही लिहिले आहे. म्हणजे तुमचे ऐकून घेऊ, मानणार नाही. रेंजरची खाण २०२१ च्या आरंभापर्यंत चालली. २०१३ मध्ये तिथली एक टाकी फुटून सुमारे १० लाख लिटर आम्लमिश्रित गाळ सांडला.

जाबिलुकाचा १९८२ चा करार आमच्या वडीलधाऱ्यांकडून दबावाखाली घेतला गेला, असे मिरार सांगत आले आहेत. १९९८ मध्ये खाणीचे काम सुरू होताच त्यांनी आठ महिने नाकेबंदी केली. हजारो लोक आले, पाचशेवर अटका झाल्या. मिरारांच्या ज्येष्ठ नेत्या इव्हॉन मार्गारुला यांना अटक झाली ती 'अनधिकृत प्रवेशा'बद्दल. स्वतःच्या पूर्वजांच्या जमिनीवर! ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी सार्वजनिक तळ्यावर पाणी पिण्याचा गुन्हा केला होता, त्यांना हे कलम समजावून सांगण्याची गरज नाही. अखेर कंपनी नमली. खोदलेला बोगदा बुजवला गेला आणि २००५ मध्ये लेखी करार झाला, मिरारांच्या संमतीशिवाय खाण नाही.

आता कंपनीचा कोर्टातला गोड युक्तिवाद पाहा. पट्टा वाढवला तरी मिरारांचा नकाराधिकार आमच्या कराराने शाबूतच राहतो, मग बिघडले कुठे? चोराने घराची किल्ली स्वतःकडे ठेवावी आणि म्हणावे, तुम्ही सांगितल्याशिवाय उघडणार नाही. मिरारांना ती किल्लीच परत हवी होती.

इथे आम्हाला आमच्याच चळवळीला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. आम्ही खाजगीकरणाला विरोध करतो, आणि तो रास्त आहे. सरकारी उद्योग गेले की आरक्षण गेले, हे आमची मुले रोज भोगत आहेत. बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले, तेही आम्ही अभिमानाने सांगतो. पण झारखंडातल्या जादुगोडाचे काय? तिथे १९६७ पासून युरेनियम काढणारी कंपनी सरकारचीच आहे. जमीन गेली ती संथाळ आणि हो आदिवासींची. खाणीचा किरणोत्सारी गाळ साठवण्याचे तलाव झाले ते त्यांच्याच वस्त्यांशेजारी. १९७४ च्या अणुस्फोटाला राज्यकर्त्यांनी 'हसरा बुद्ध' हे सांकेतिक नाव दिले. तथागतांची याहून मोठी विटंबना कुणी केली असेल? १९९९ मध्ये श्रीप्रकाश यांनी या आदिवासींवर माहितीपट काढला आणि त्याचे नाव ठेवले 'बुद्ध वीप्स इन जादुगोडा'. बुद्धाचे अश्रू दिसले ते एका चित्रपटकाराला. आम्ही बौद्ध म्हणवणाऱ्यांनी तिकडे किती वेळा पाहिले?

बाबासाहेबांनी राज्याची मालकी मागितली ती मूलभूत हक्कांच्या चौकटीत. जमीनदार जाऊन त्याच्या खुर्चीत साहेब बसावा, यासाठी नव्हे. १९९७ च्या समता निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातली जमीन खाजगी कंपन्यांना खाणीसाठी देण्यास मनाई केली. निकाल ऐतिहासिक खरा. पण सरकारी महामंडळांना त्यात मोकळीक राहिली, आणि युरेनियम तर सरकारचेच. जादुगोडाच्या आदिवासीला त्या निकालाची ढाल कशी मिळणार?

याउलट मेघालयात पाहा. डोमियासियातच्या युरेनियमसाठी तिथल्या स्पेलिटी लिंगदोह लांगरिन या खासी वृद्धेला सरकारी कंपनीने तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यापोटी ४५ कोटी रुपये देऊ केल्याचे वृत्तपत्रांत छापून आले. त्यांनी नाकारले. २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या नाहीच म्हणाल्या. त्या धैर्यवान होत्याच. पण जादुगोडाचे आदिवासीही काही भित्रे नव्हते. फरक एवढाच की खासी टेकड्यांत सहावी अनुसूची आहे आणि जमीन सरकारची नसून लोकांची आहे. ती अनुसूची घटना समितीत मांडून, विरोधकांना उत्तरे देत मंजूर करून घेतली ती बाबासाहेबांनी.

आणि आज आपल्याकडे काय चालले आहे? सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने ज्ञापन काढून अणुखनिजे आणि इतर 'अतिमहत्त्वाच्या' खनिजांच्या खाणींना पर्यावरण मंजुरीसाठीच्या जनसुनावणीतून सूट दिली. कारण, देशाचे संरक्षण आणि सामरिक गरज. ऑस्ट्रेलियातल्या अहवालाने १९७७ मध्ये निदान ऐकून घेतले आणि मग बाजूला सारले. आमचे राज्यकर्ते आता ऐकण्याचीही तसदी घेणार नाहीत. जनसुनावण्या बहुतेकदा फार्सच असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पोलिसांचा वेढा, मंडपात ठेकेदाराची माणसे. तरीही तिथे एखादी आदिवासी बाई उठून 'नको' म्हणायची आणि ते इतिवृत्तात चढायचे. २०१३ मध्ये नियमगिरीच्या बाराही ग्रामसभांनी वेदांत कंपनीच्या बॉक्साईट खाणीला 'नको' म्हटले आणि ती खाण थांबली, ती अशाच नोंदींच्या बळावर.

आमच्या पक्षांचे गट कितीही असोत, या ज्ञापनाविरुद्ध त्यांनी एक निवेदन एकत्र द्यायला कुणाची हरकत आहे? १४ एप्रिलच्या व्यासपीठांवर आदिवासी संघटनांचे प्रतिनिधी हार घालून बसवले जातात. या वेळी त्यांना माईक द्यावा, आणि ठराव त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा.