मोहीम आणि माणसे

बारामती तालुक्यातील माळेगाव बुद्रुक हा नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला उसाचा मुलूख. दारे धरणे म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. पाण्याची पाळी आली, की रात्र असो वा थंडी, हाती खोरे घेऊन सरीमागून सरी भिजवावी लागते. एकीकडे बांध फुटला म्हणून धावावे, तो दुसरीकडे सरी तुडुंब भरून वाहू लागलेली असते. बुद्धिबळात प्रतिपक्ष आपल्या खेळीची वाट पाहत बसतो. पाणी तसे बसत नाही, आणि शत्रूही बसत नाही.

संगणकावरील काही युद्धखेळ याच न थांबणाऱ्या काळावर रचलेले आहेत. अमेरिकेतील बंजी या संस्थेने १९९७ साली काढलेला ‘मिथ : द फॉलन लॉर्ड्स’ हा त्यांपैकी एक प्रसिद्ध खेळ होय. एका कल्पित जगात मानवांची सेना चालत्या प्रेतांच्या सैन्याशी झुंजते, असे त्याचे कथानक आहे. यात खजिना गोळा करणे नाही, की गढ्या बांधून नवे शिपाई घडवणे नाही. मोहिमेच्या आरंभी जी मोजकी माणसे हाती येतात, त्यांवरच भागवायचे. प्रत्येक शिपायाला नाव असते. जो वाचतो, तो अनुभवाने अधिक तरबेज होऊन पुढील मोहिमेत येतो. जो पडतो, तो कायमचा जातो.

म्हणून येथे भूमीची पारख आधी करावी लागते. उंचावरून सोडलेला बाण दूर जातो, हे जाणून तिरंदाज टेकडीवर ठेवावेत. खुज्या जातीचे वीर स्फोटक बाटल्या फेकतात. परंतु बाटली उतारावरून घरंगळत आपल्याच माणसांत येऊन फुटण्याचा संभव असतो, आणि पावसात तिची वातही विझते. शत्रूची प्रेते तर पाण्याखालून चालत येतात! तेव्हा नदी पाठीशी आहे म्हणून निर्धास्त राहणारा सेनापती हमखास फसतो.

हे शहाणपण महाराष्ट्राला परके नाही. १६६१ साली शाहिस्तेखानाने कोकणात धाडलेला कारतलबखान उंबरखिंडीच्या अरुंद, निबिड वाटेत शिरेपर्यंत शिवाजी महाराजांनी त्याला अडवले नाही. तो आत सापडल्यावर मात्र मावळ्यांनी दोन्ही तोंडे रोखली. अखेर रायबागनच्या सल्ल्याने खान शरण आला आणि सर्व चीजवस्तू टाकून परत गेला. तेथे संख्येपेक्षा जागेने अधिक काम केले.

अशा खेळांत मुले वेळ दवडतात, म्हणून वडीलधारी मंडळी रागावतात. तो राग सर्वस्वी अस्थानी नाही; परंतु खरा दोष वेगळाच आहे. डाव जपून ठेवण्याची सोय संगणकात असते. एक तिरंदाज पडला, की मुलगा मागचा डाव पुन्हा उघडतो. दहा वेळा चुकतो, अकराव्या वेळी जिंकतो आणि मोहीम फत्ते झाली असे समजतो. मग टेकडी आधी का पाहावी, बाटली जपून का फेकावी? हानीच नाहीशी केली, तर खेळात उरते ती केवळ बोटांची चपळाई.

१६६० च्या जुलैत बाजीप्रभू देशपांड्यांनी घोडखिंड लढवली, तेव्हा महाराज विशाळगडावर पोहोचेपर्यंत खिंड राखणे एवढेच काम होते. तेथे माणसे पडणार हे ठाऊक होते. पण ती कशासाठी पडणार, हेही ठाऊक होते. निष्काळजीपणाने गमावलेला एक शिपाई आणि हेतूपूर्वक खिंडीत उभा केलेला शिपाई यांतील अंतर, मागचा डाव वारंवार उघडणाऱ्यास कळणे कठीण.

तेव्हा वडिलांनी खेळ हिरावून घेण्यापूर्वी एवढी एकच अट घालावी : मोहीम एकदाच खेळायची, मागे फिरायचे नाही. चौथ्या-पाचव्या मोहिमेत निम्मेच शिपाई उरले, म्हणजे मुलगा पाऊल टाकण्यापूर्वी टेकडीकडे पाहू लागेल, आणि उरलेल्यांची नावेही त्याला पाठ होतील.