दस्ता आधी, नाव नंतर

क्लबच्या बंदुकीवर वर्ष-दीड वर्ष हात बसला, राउंडला पंचवीसपैकी सतरा-अठरा बर्ड, म्हणजे क्लेच्या तबकड्या, फुटू लागले, की ट्रॅप-स्कीटचा नेमबाज स्वतःची बाराबोर घ्यायचे मनावर घेतो. ओव्हर-अंडरच हवी, हे त्याचे पक्के असते आणि ते बरोबरही आहे. दोन नळ्यांना दोन वेगळे चोक मिळतात. बंदूक उघडून हातावर टाकली, की ती रिकामी आहे हे रेंजवरच्या प्रत्येकाला दुरून दिसते. उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या शेजाऱ्याच्या अंगावर जात नाहीत. सेमी-ऑटोमॅटिक स्वस्त पडते, धक्काही कमी देते, हे मान्य करूनही क्लेसाठी आमचे मत ओव्हर-अंडरलाच आहे. अडचण त्यापुढे येते. बजेट बेताचे असते आणि त्यात दोनच गोष्टी बसतात: फारशा ओळखीच्या नसलेल्या कारखान्याची कोरी, हलकी, चकचकीत बंदूक, नाहीतर जुन्या नावाजलेल्या घराण्याची, पण वीस-पंचवीस वर्षे वापरलेली. बहुतेकांचे मन पहिलीवर जाते. आमच्या मते तिथेच पैसे वाया जातात.

आधी साधा हिशोब मांडू. आठवड्याला चार राउंड म्हणजे शंभर बर्ड. पन्नास आठवड्यांचे पाच हजार, तीन वर्षांचे पंधरा हजार. ट्रॅपमध्ये एका बर्डवर दोन फैरी झाडता येतात, म्हणजे काडतुसांचा आकडा याहून बराच वर जातो. त्यावर बर्डचे, रेंजचे आणि प्रवासाचे पैसे वेगळे. हा खर्च वहीत लिहून पाहिला, की लक्षात येते की दोन बंदुकांच्या किमतीतला फरक या डोंगरापुढे लहान आहे. शिवाय नेटाने खेळणारा नेमबाज एका वर्षात जेवढ्या फैरी झाडतो, तेवढ्या शिकारीसाठी बनवलेल्या साध्या बंदुकीला जन्मभरातही झाडाव्या लागत नाहीत. किंमत खाली आणण्यासाठी ज्या कारखान्याने बिजागरीचे पोलाद, स्प्रिंगा आणि इजेक्टर यांत हात आखडता घेतला, त्याची बंदूक पहिल्या हंगामात उत्तम चालेल. तिचा कस तिसऱ्या हंगामात लागतो.

पण टिकाऊपणापेक्षाही मोठा मुद्दा दस्त्याचा आहे. रायफलला मागची साइट असते, शॉटगनला नसते. नेमबाजाचा डोळाच मागची साइट, आणि तो कुठे येणार हे गाल जिथे टेकतो ती दस्त्याची वरची कड, म्हणजे कोंब, ठरवते. 30 इंची नळीच्या बंदुकीत डोळ्यापासून पुढच्या मण्यापर्यंतचे अंतर साधारण एक मीटर भरते. कोंब 3 मिलिमीटर उंच असेल तर डोळा 3 मिलिमीटर वर येतो आणि 35 मीटरवर छर्‍यांचा मध्य सुमारे 105 मिलिमीटर वर सरकतो. आंतरराष्ट्रीय नियमांच्या क्लेचा व्यास 110 मिलिमीटर. अवघा 3 मिलिमीटरचा फरक दस्त्यात पडला, की छर्‍यांचा मध्य अख्ख्या बर्डएवढा हलतो. नेमबाज मात्र आपली लीड चुकते, उभे राहणे चुकते असे समजून महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत राहतो. बंदुकीवर नाव कुणाचेही असो, जिचा दस्ता तुमच्या गालाला, मानेला आणि हाताच्या लांबीला बसत नाही, ती तुम्हाला महागच पडणार. म्हणून बजेटातला काही भाग बाजूला ठेवूनच खरेदीला जावे. तो दस्ता तासून, कोंब वर-खाली होणारा करून किंवा मागे पॅड लावून घेण्यासाठी आहे. वाढत्या वयाच्या मुलामुलींसाठी वर-खाली होणारा कोंब ही चैन नाही, गरज आहे.

वजनाकडेही असेच दुर्लक्ष होते. दुकानात हलकी बंदूक हातात घेतली की बरी वाटते. स्वस्त ओव्हर-अंडर बहुधा शिकारीच्या घडणीच्या, तीन किलोच्या आसपासच्या असतात. क्लेची बंदूक साडेतीन किलोच्या पुढची असते. काडतूस तेच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. 3.6 किलोऐवजी 3 किलोची बंदूक घेतली, तर तेच 24 ग्रॅमचे काडतूस खांद्यावर वीस टक्के जास्त ऊर्जा टाकते. एका फैरीत हे जाणवणार नाही. शंभराव्या बर्डला डोळा आपोआप मिटू लागतो, चाप ओढताना खांदा मागे जातो, आणि एकदा लागलेली ही सवय सोडवायला प्रशिक्षकाची वर्षे जातात. हलकी बंदूक झटकन फिरते तशी झटकन थांबतेही, आणि उजवीकडे-डावीकडे जाणाऱ्या बर्डवर थांबलेली नळी म्हणजे हुकलेला बर्ड.

मग वापरलेली कोणती घ्यावी? जिची रचना इतकी वर्षे बाजारात टिकली आहे की तिचे सुटे भाग आणि ती उघडणारा कारागीर दोन्ही मिळतात. बेरेटाच्या 686 आणि 682 या घराण्यात नळ्या ज्या दोन खुंट्यांवर फिरतात, त्या बदलता येतात. बंदूक बंद ठेवणारे शंकूच्या आकाराचे बोल्टही थोड्या मोठ्या मापाचे मिळतात. पंचवीस वर्षांची ढिलाई अशी मोजक्या कामात निघते. ब्राउनिंगची सिटोरी आणि मिरोकूच्या बंदुका जपानच्या एकाच कारखान्यातल्या. त्यांच्यात ॲक्शनच्या आरपार जाणारी जाड बिजागरी आहे. ॲक्शन त्यामुळे थोडी खोल दिसते, पण झिजायला फार वेळ घेते. एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. रशियाच्या इझेव्हस्कची बैकाल स्वस्त आहे, ओबडधोबड आहे, तिचा चाप जड आहे, तरीही ती दणकट आहे. स्वस्त म्हणजे तकलादूच, असा आमचा दावा नाही. दणकटपणा वर्षांनी सिद्ध झालेला असावा, एवढेच मागणे आहे.

यावर रास्त आक्षेप असा, की दुसऱ्याने वापरलेल्या बंदुकीच्या पोटात काय दडले आहे हे कसे कळणार? नव्या बंदुकीला निदान हमी असते. आमचे उत्तर असे, की ओव्हर-अंडर आपली झीज लपवू शकत नाही, फक्त पाहणाऱ्याने घाई करू नये. पुढचे लाकूड काढा, बंदूक बंद करा, दस्ता काखेत धरून नळ्या हलवा. जरा जरी खडखड जाणवली, तर बिजागरी सैल आहे. वरची कळ पाहा. नव्या बंदुकीत ती मध्यापासून जराशी उजवीकडे थांबते आणि झीज होईल तशी डावीकडे सरकत जाते. नळ्या सोडवून त्यांच्या खालच्या आकड्यावर बोट अडकवून लोंबत्या धरा आणि लाकडी काडीने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला, तर पट्ट्यांचे झाळकाम शाबूत आहे. बद्द आवाज आला, तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. नळी उजेडाकडे धरून आतून पाहा, पोच असेल तर सावलीची कडी तुटलेली दिसते. शेवटी दोन्ही नळ्यांत स्नॅप-कॅप घालून पहिला चाप ओढा, दस्त्याच्या बुडावर तळहाताने ठोसा द्या आणि दुसरा ओढा. अनेक बंदुकांत दुसरा चाप पहिल्या फैरीच्या धक्क्यानेच तयार होतो, म्हणून हा ठोसा. एवढ्या सगळ्याला वीस मिनिटे लागतात.

भारतातल्या वाचकांसाठी कायदाही याच बाजूने बोलतो. विदेशी बंदूक आणण्याची मुभा ठरावीक पात्रता गाठलेल्या नेमबाजांनाच मिळते, तेव्हा बाकीच्यांची निवड देशात आधीच असलेल्या बंदुकांतून होते. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतात. खेळाडूंना सवलती आहेत, पण त्या मिळेपर्यंत परवान्यावरची जागा मोलाची असते. ‘सध्या स्वस्तातली घेऊ, पुढे बदलू’ हा सल्ला परदेशातल्या आमच्या वाचकांना कदाचित चालेल. इथे प्रत्येक बदलामागे परवान्यावरची नोंद आहे आणि खासगी विक्रीआधी जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबणे आहे. याच कारणाने काही जण उलटे टोक गाठतात आणि कर्ज काढून थेट पेराझीकडे जातात. ती बंदूक उत्तमच आहे, मेक्सिको ऑलिम्पिकच्या काळापासून तिने आपली जागा कमावली आहे. पण जिच्यामुळे काडतुसांना पैसे उरत नाहीत, ती बंदूक, ज्याचा स्कोअर अजून स्थिरावलेला नाही अशा नेमबाजाने घेऊ नये.

ट्रॅप खेळायचे की स्कीट हे ज्यांचे ठरलेले नाही, त्यांनी 30 इंची नळीची, चोक बदलता येणारी स्पोर्टर पाहावी. आणि पैसे मोजण्याआधी एक गोष्ट न चुकता करावी. मालकाच्या उपस्थितीत, रेंजच्या नियमांत राहून, 16 यार्डांवर मोठा कागद लावा. निशाण न साधता बंदूक खांद्याला लावताच फैर झाडा, आठ-दहा वेळा. छर्‍यांचा मध्य जितके इंच सरकलेला दिसेल, तितके सोळांश इंच दस्त्यात काम आहे. ते काम होण्यासारखे नसेल, तर बंदूक परत द्या.