फ्लॉवरच्या उपम्याविरुद्ध, दडप्या पोह्यांच्या बाजूने

कच्चा आहार पत्करलेल्या माणसाची खरी परीक्षा सकाळी असते. दुपारी कोशिंबिरीवर आणि रात्री फळांवर निभावून नेता येतं. पण शेजारच्या घरातून मोहरी-कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला की उपमा, पोहे, इडली, थालीपीठ आठवल्याशिवाय राहत नाही. या आठवणीवर तोड म्हणून शेगडी न पेटवता आवडत्या नाश्त्याच्या प्रतिकृती करण्याची एक वेगळी पाककलाच उभी राहिली आहे. फ्लॉवर किसून त्याचा उपमा करायचा. ओलं खोबरं आणि भिजवलेले काजू वाटून साच्यात थापायचे आणि त्याला इडली म्हणायचं. मोड आलेले मूग वाटून डिहायड्रेटरच्या ताटावर पसरायचे, रात्रभर वाळवायचे की डोसा तयार. अमेरिकेत हीच गोष्ट केळं-जवसाचे पॅनकेक आणि भिजवून वाळवलेल्या कुट्टूचा ग्रॅनोला या रूपात चालते. नियम सगळीकडे जवळपास सारखा: तापमान साधारण ४६ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचं नाही.

या प्रतिकृतींना विरोध करतानाच कच्च्या न्याहारीची बाजूही घेता येते, नव्हे, घ्यायलाच हवी. सकाळी काहीतरी ताजं, न शिजवलेलं पोटात जावं हा आग्रह योग्य आहे. शिजवलेल्या पदार्थाचं सोंग कच्च्या जिनसांना द्यावं आणि त्यासाठी विज्ञानाच्या नावावर वाटेल ते सांगावं, हे मात्र योग्य नाही.

आधी सिद्धान्त पाहू. या पंथाचा पूर्वपक्ष असा की, अन्नात ‘जिवंत’ एन्झाइम असतात, ती आपल्याला पचनात मदत करतात, उष्णतेनं ती मरतात आणि मग शरीराला स्वतःचा साठा खर्चावा लागतो. अमेरिकेतले डॉक्टर एडवर्ड हॉवेल यांनी ही मांडणी केली. त्यांचं ‘एन्झाइम न्यूट्रिशन’ हे पुस्तक १९८५ मध्ये आलं. लिथुआनियात जन्मलेल्या आणि बोस्टनमध्ये काम केलेल्या अॅन विगमोर यांनी गव्हांकुराच्या रसाबरोबर ‘जिवंत अन्ना’ची कल्पना घरोघरी पोहोचवली. आज मराठीत जे सांगितलं जातं, ते बहुतेक या दोघांकडून आलेलं आहे.

उष्णतेनं एन्झाइम निकामी होतात, इथवर बरोबर. पण ती मुळात प्रथिनं असतात. कच्ची गिळली तरी जठरातलं तीव्र आम्ल त्यांची घडी मोडतं आणि पेप्सिन त्यांचे तुकडे करतं. डाळीतल्या प्रथिनांचं जे होतं तेच त्यांचं होतं. मुगातली एन्झाइम मुगाच्या कोंभासाठी असतात, माणसाच्या आतड्यासाठी नव्हेत. शिवाय शरीरात एन्झाइमचा असा कुठला ठरावीक साठा नसतो. स्वादुपिंड ती रोज नव्यानं तयार करतं.

मग कच्च्यात काहीच जास्तीचं नाही का? आहे, आणि ते मोकळेपणानं मान्य केलं पाहिजे. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेनं आणि पाण्यात उकळल्यानं घटतं. मुळा, कोबी, मोहरीच्या कुळातल्या भाज्यांत मायरोसिनेज नावाचं एन्झाइम असतं. भाजी चिरताना किंवा चावताना त्याच्यामुळे झणझणीत, उपयुक्त द्रव्यं तयार होतात, आणि भाजी फार शिजवली तर ही क्रिया थांबते. मोडांचं महत्त्व तर इतिहासानं सिद्ध केलेलं आहे. पहिल्या महायुद्धात, आजच्या इराकमधल्या कूतच्या १९१५-१६ च्या वेढ्यात अडकलेल्या हिंदी शिपायांना ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्हीनं गाठलं. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळात प्रयोगांनी दाखवून दिलं, की कोरड्या कडधान्यात नसलेला स्कर्व्हीरोधक गुण त्याच कडधान्याला मोड आले की त्यात येतो. मूठभर मोडांसाठी एवढा पुरावा पुरेसा आहे. त्याला ‘जिवंत ऊर्जे’ची जोड लागत नाही.

दुसरं पारडं मात्र कच्च्या आहाराच्या कार्यशाळांमध्ये कुणी दाखवत नाही. गाजरातलं बीटा-कॅरोटिन आणि टोमॅटोतलं लायकोपीन शिजवल्यावर, थोड्या तेलाबरोबर, शरीराला जास्त मिळतं. तांदळाचा, गव्हाचा स्टार्च घट्ट कणांत बांधलेला असतो. पाणी आणि उष्णता मिळाली की ते कण फुगून मोकळे होतात आणि पाचकरसांना त्यांच्यावर काम करता येतं. कच्च्या अंड्यातली निम्मीच प्रथिनं शोषली जातात, शिजवलेल्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. हार्वर्डचे मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांनी २००९ च्या ‘कॅचिंग फायर’ या पुस्तकात तर अशी मांडणी केली, की माणसाचा लहान जबडा, आखूड आतडं आणि मोठा मेंदू हे सगळं शिजवलेल्या अन्नावर उभं आहे. त्यांच्या कालगणनेवर वाद आहेत. पण ‘बाकीचे प्राणी कुठे शिजवतात?’ या लाडक्या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळतं: बाकीच्या प्राण्यांचं आतडं आपल्यासारखं नाही.

जर्मनीतल्या गिसेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दीर्घकाळ कच्च्या आहारावर असलेल्या पाचशेहून अधिक स्त्री-पुरुषांची पाहणी केली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चौथाई स्त्रियांचं वजन प्रमाणापेक्षा कमी आढळलं आणि पंचेचाळिशीच्या आतल्या सुमारे तीस टक्के स्त्रियांची पाळी अंशतः किंवा पूर्णपणे थांबलेली होती. ही माणसं मुबलक फळं, सुकामेवा, तेलबिया मिळणाऱ्या सुखवस्तू देशातली होती. मुलींना आणि तरुण बायकांना ‘शुद्धी’च्या नावाखाली पूर्ण कच्चा आहार सुचवणाऱ्यांनी हे आकडे आधी वाचावेत. हा विषय चवीचा नाही, आरोग्याचा आहे.

आता ताटाकडे वळू. शंभर ग्रॅम रव्यात साधारण साडेतीनशे कॅलरी आणि दहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम फ्लॉवरमध्ये पंचवीस कॅलरी आणि दोनेक ग्रॅम प्रथिनं. फ्लॉवरच्या उपम्यावर निघालेल्या माणसाच्या पोटात दहा वाजता कावळे ओरडणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. ती पोकळी भरायला मग काजू येतात. खोबरं-काजूच्या ‘इडली’त वाफवलेल्या इडलीच्या तिप्पट कॅलरी सहज जातात आणि बहुतेक सगळ्या चरबीतून येतात. खऱ्या इडलीत जी खरोखरची जिवंत क्रिया आहे, म्हणजे रात्रभर जिवाणूंनी पीठ आंबवणं, तीच या नकलेत गाळलेली असते. आंबवण्यानं खनिजांचं शोषण अडवणारं फायटेट घटतं, चव येते, पिठात वायू धरला जातो. वाफेनं जिवाणू मरतात, पण त्यांनी केलेलं काम इडलीत राहतं. पारंपरिक इडली ही कच्चेपणा आणि उष्णता या दोन्हींचा इतका नेमका वापर करते, की तिच्या जागी काजूची वडी ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

आणि तो काजू कच्चा तरी असतो का? काजूबीच्या टरफलात कातडी भाजून काढणारं तेल असतं. म्हणून वेंगुर्ल्यापासून गोव्यापर्यंतच्या कारखान्यांत बी आधी वाफवली किंवा भाजली जाते, मग फोडली जाते, आणि गर पुन्हा उष्णतेत वाळवून त्याची साल काढली जाते. बाजारात ‘रॉ’ म्हणून मिळणारा पांढरा काजू दोनदा तापलेला असतो. कोवळ्या बियांतून हातांनी काढलेला ओला काजू तेवढा खरा कच्चा, आणि कोकणात त्याची उसळ करतात. पेंडखजूर, ओलं खोबरं, फळं सोडली तर या ‘कच्च्या’ पाककृतींतल्या बऱ्याच जिनसा अशाच आगीतून आलेल्या असतात: गूळ काहिलीत उकळलेला, ओट्स वाफवून चपटे केलेले.

सगळ्यात गंभीर मुद्दा मात्र सुरक्षिततेचा आहे. चाळीस-पंचेचाळीस अंशांवर आठ-दहा तास ओलं पीठ ठेवणं म्हणजे जिवाणूंना हवं ते देणं. साधारण पाच ते साठ अंशांच्या पट्ट्यात ते वाढतात आणि शरीराच्या तापमानाच्या आसपास तर झपाट्यानं. मोडांचंही तेच. बियांच्या खाचांत दडलेले जिवाणू धुऊन जात नाहीत आणि मोड आणण्याची ऊब-ओल त्यांनाही मानवते. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायच्या एका घातक प्रकाराची साथ आली. साडेतीन हजारांहून अधिक लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. माग काढत तपास पोहोचला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. त्या मेथीचे मोड लोकांनी सॅलडमध्ये कच्चे खाल्ले होते.

राजम्याची गोष्ट तर आणखी वाईट. लाल राजम्यातल्या फायटोहिमॅग्लुटिनिन या विषारी प्रथिनामुळे चार-पाच कच्चे दाणेसुद्धा उलट्या-जुलाबांना पुरतात आणि मोड आणल्यानं तो धोका टळत नाही. त्याला खळखळून उकळावंच लागतं. ‘सगळ्या कडधान्यांचे मोड कच्चे खा’ असं सरसकट सांगणाऱ्याला हे माहीत नसेल, तर त्यानं शिकवू नये. कोकणातल्या बायकांना हा भेद पुस्तकाशिवाय कळलेला आहे. कडव्या वालांना मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचे आणि मग बिरडं शिजवायचंच; मोड आलेले वाल कच्चे कुणी खात नाही.

कच्च्या आहाराच्या या प्रयोगाला एक मोठा भारतीय पूर्वज आहे. १८९३ मध्ये प्रिटोरियात तरुण मोहनदास गांधींनी ‘प्राणदायी अन्ना’चा, म्हणजे न शिजवलेल्या अन्नाचा, प्रयोग केला आणि त्याची रोजनिशी पुढच्या वर्षी लंडनच्या ‘द व्हेजिटेरियन’मध्ये छापली. पहिल्या सकाळची न्याहारी अशी होती: रात्री भिजवलेले दोन चमचे गहू, एक चमचा वाटाणे, एक चमचा तांदूळ, दोन चमचे बेदाणे, वीसेक छोटी कवचफळं, दोन संत्री आणि वर एक कप कोको. हे चावून संपवायला त्यांना पाऊण तास लागला, आणि संध्याकाळपर्यंत डोकं दुखू लागलं. काही दिवसांतच प्रयोग थांबला. १९२९ मध्ये त्यांनी मोड आलेला गहू वगैरे घेऊन पुन्हा जिद्दीनं सुरुवात केली, ‘यंग इंडिया’त त्यावर लिहिलं, अनेक सहकाऱ्यांना सामील केलं; शेवटी आमांशानं त्यांना अंथरुणाला खिळवलं आणि तो प्रयोगही सोडावा लागला.

यातून गांधींनी काय घेतलं, ते जास्त मोलाचं आहे. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहायला घेतली. त्यातल्या रोजच्या आहाराच्या तक्त्यात सहा औंस धान्य आहे, तीन औंस पालेभाजी, पाच औंस इतर भाज्या आणि एक औंस कच्ची भाजी. एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. आयुष्यभर स्वतःच्या शरीरावर प्रयोग केलेला माणूस एका मुठीवर येऊन थांबला, आणि ती मूठ त्यानं सोडली नाही.

कच्च्या न्याहारीची बाजू इथून सुरू होते. झुरिकचे डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णांना जो पदार्थ द्यायला सुरुवात केली, त्यात सालीसकट किसलेलं मोठं सफरचंद मुख्य होतं. रात्रभर भिजवलेले ओट्स फक्त एक चमचा, जोडीला लिंबाचा रस, आटवलेलं दूध आणि हेझलनट किंवा बदामाचा कूट. आज जगभर म्युस्ली म्हणून खाल्ला जातो तो हाच, प्रमाण उलटं केलेला. त्यांच्या मूळ पदार्थानं दुसऱ्या कशाची नक्कल केली नव्हती. म्हणून तो टिकला.

महाराष्ट्रात याच तोलाचा, किंबहुना चवीनं सरस, पदार्थ आहे: दडपे पोहे. पोहे मुळात कच्चे नसतातच. भात गरम पाण्यात भिजवून, भाजून, कांडून ते होतात. स्टार्चचं काम आधीच झालेलं असतं. मग घरात ते शिजवायला आग लागत नाही. पातळ पोहे परातीत घ्यायचे, न धुता. त्यात खोवलेलं ओलं खोबरं, बारीक चिरलेला कांदा, काकडी, चैत्रात कैरी, मीठ, साखर, लिंबू. नारळाचं पाणी हातानं शिंपडायचं, बेतानंच, नाहीतर लगदा होतो. बोटांनी हलकेच चोळून झाकण घालायचं, वर वजन ठेवायचं. पंधरा-वीस मिनिटांत कांदा-खोबऱ्याचा ओलावा पोह्यांत शिरतो. पोहा मऊ होतो पण मोडत नाही, आणि काकडी तशीच करकरीत राहते. शेवटी पळीभर तेलात मोहरी, हिंग, मिरची, कढीपत्ता, दाणे, आणि खाताना वरून पोह्याचा पापड चुरायचा. ‘क’ जीवनसत्त्व असलेलं लिंबू आणि कैरी तापत नाहीत. तापतं ते फक्त पळीतलं. आग कुठे हवी आणि कुठे नको, हे या पदार्थाला ठाऊक आहे.

असे आणखी कितीतरी आहेत. दहीपोहे, भिजवलेले शेंगदाणे नि गूळ, माघात शेतातून आलेले हरभऱ्याचे घाटे, ताकात कालवलेल्या लाह्या, मुळ्याचा चटका. यांतला एकही पदार्थ दुसऱ्या कशाचं नाव लावून येत नाही. आठवड्यातून दोन-तीन सकाळी यांतलं काही करावं, उरलेल्या दिवशी उपम्याशेजारी वाटीभर काकडी-गाजराची कोशिंबीर ठेवावी. कच्च्या आहारातून जे खरोखर मिळण्यासारखं आहे, ते एवढ्यात मिळतं.

आणि मोड खायचेच असतील तर ते मुगाचे किंवा मटकीचे, घरीच काढलेले, दर काही तासांनी चाळणीत धुतलेले, बुळबुळीत होण्याआधी संपवलेले असावेत. गरोदर बाईला, लहान मुलांना, म्हाताऱ्यांना आणि आजारातून उठलेल्यांना ते पूर्ण शिजवूनच द्यावेत. कार्यशाळा घेणाऱ्यांनी पाककृतीच्या कागदावर सगळ्यात आधी हे छापावं, आणि राजमा, सोयाबीन नि वाल यांची नावं ‘कच्चे कधीच नाही’ असं लिहून त्याच कागदावर ठळक द्यावीत.