बांधलेला बाण

रात्रीचीं जेवणें आटोपलीं कीं आमच्या ओसरीवरील झोपाळ्याभोंवतीं मुलांचा घोळका जमतो. ह्या वेळीं पूर्वीं परवचा होत असे. आतां एकाच्या हातांत मोबाइल असतो आणि बाकीचीं मुलें त्याच्या खांद्यावरून वांकून पाहत असतात. एके रात्रीं आम्हीही कुतूहलानें तेथें डोकावलों. पडद्यावर एका लोखंडी चौकटींत जखडलेलें लहानसें एंजिन होतें. त्याच्या तोंडांतून ज्वाळेचा सरळ झोत निघत होता, आणि मुलें श्वास रोधून सेकंद मोजीत होतीं. दोनशें भरले, ज्वाळा विझली, आणि ओसरीवर टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारें घर आक्का म्हणतें, त्या जपमाळ थांबवून म्हणाल्या, "अरे, एवढा जाळ केला, आणि तें तर जागचें हललेंसुद्धां नाहीं! उडवायचेंच नव्हतें तर पेटविलें कशाला?"

मुलें हंसलीं. त्यांतला सर्वांत मोठा, आमचा नातू, म्हणाला, "आत्याआजी, उडूं नये म्हणूनच तर बांधलें आहे. उडून गेलें तर मोजणार कसें?"

प्रश्न मार्मिक, आणि उत्तर त्याहून मार्मिक. त्या दोहोंचा विचार आम्ही पुढें कित्येक दिवस करीत होतों. तोच आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

मुलें पाहत होतीं तें दृश्य परदेशचें नव्हतें. आपल्याच महाराष्ट्रांतलें होतें. हैदराबादेस २०१८ सालीं स्थापन झालेली स्कायरूट नांवाची खासगी कंपनी अवकाशांत जाणारे अग्निबाण बनविते. तिचीं कित्येक एंजिनें नागपूरकडील सोलर समूहाच्या खासगी परीक्षणस्थानीं पेटवून पाहण्यांत आलीं. डिसेंबर २०२० मध्यें 'कलाम-५', नोव्हेंबर २०२१ मध्यें 'धवन-१', मे २०२२ मध्यें 'कलाम-१००', आणि एप्रिल २०२३ मध्यें 'धवन-२'. हें शेवटचें म्हणजेच मुलांचें दोनशें सेकंदांचें एंजिन. डॉ. अब्दुल कलाम व प्रा. सतीश धवन ह्यांच्या स्मरणार्थ हीं नांवें दिलेलीं आहेत. दरम्यान १८ नोव्हेंबर २०२२ रोजीं ह्याच कंपनीचा 'विक्रम-एस' हा बाण श्रीहरिकोट्याहून उडाला व ८९.५ किलोमीटर उंची गांठून समुद्रांत पडला. भारतांतील खासगी कंपनीचा असा हा पहिलाच बाण. त्या उड्डाणाची वार्ता घरोघरीं वाचली गेली. परंतु त्याच्या आगेंमागें ज्या ज्वाळा बांधून जाळल्या, त्यांची दखल फक्त ह्या ओसरीवरच्या मंडळींसारख्या हौशी लोकांनींच घेतली.

बांधून जाळण्यांत काय साधतें? एंजिन चौकटींत घट्ट आवळतात आणि त्या दोहोंमध्यें रेटा मोजणारें उपकरण बसवितात. ज्वाळा एका दिशेस धांवते, एंजिन उलट दिशेस रेटा देतें. बंधन तो रेटा सोसतें, आणि सोसतां सोसतां मोजतें. आंतील दाब, भिंतींची उष्णता, सांगाड्याचा कंप ह्या सर्वांची क्षणाक्षणाची नोंद होते. 'धवन' जातीच्या एंजिनांत द्रवरूप प्राणवायु आणि द्रवरूप नैसर्गिक वायु, म्हणजे मुख्यत्वें मिथेन, हीं जळतात. प्राणवायूस द्रवरूपांत ठेवावयाचें तर शून्याखालीं १८३ अंशांपर्यंत आणि मिथेनास सुमारें १६१ अंशांपर्यंत थंडावा लागतो. आणि तेथून थोड्याशाच अंतरावर सहस्रावधि अंशांची ज्वाळा! हिम आणि वडवानल असे शेजारीं नांदविणें हें सोपें काम नव्हे. 'कलाम' जातीच्या घनइंधनाची अडचण निराळी: तें एकदां पेटलें कीं संपेपर्यंत त्यास विझवितां येत नाहीं. 'कलाम-१००' चा जळण्याचा काळ १०८ सेकंद आहे. तेवढ्या वेळांत जें पाहावयाचें तें पाहून घ्यावयाचें.

सोलापूरकरांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. वालचंद हिराचंद ह्यांचा जन्म १८८२ सालीं आमच्याच सोलापुरांत झाला, आणि त्यांच्या नांवानें इंदापूर तालुक्यांत वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यांत इस्रोच्या बाणांचीं अजस्र पोलादी कवचें तयार होतात. अशा कवचांत इंधन भरण्यापूर्वीं पाणी भरून, त्या पाण्यास दाब देऊन, कवच कोठें फुगतें वा फाटतें काय हें पाहण्याची रीत आहे. आमच्या धर्मशास्त्रकारांनीं दिव्यांमध्यें अग्नीचें दिव्य सांगितलें तसें पाण्याचेंही सांगितलें. ह्या पोलादास तीं दोन्ही करावीं लागतात.

ह्या सर्व खटाटोपास आम्ही 'परीक्षा' म्हणतों, आणि तो शब्द फार सुंदर आहे. 'परि' म्हणजे सभोंवार, 'ईक्ष्' म्हणजे पाहणें. सर्व बाजूंनीं पाहणें ती परीक्षा. केवळ पास कीं नापास हें ठरविणें म्हणजे परीक्षा नव्हे. तो परीक्षेचा एक कोपरा झाला.

इतिहासांत ह्याचा एक कडू धडा आहे. म्हैसूरच्या हैदर व टिपू ह्यांचे लोखंडी नळ्यांचे बाण इंग्रजांच्या फौजांस चांगलेच जाचले होते. १७९९ सालीं श्रीरंगपट्टण पडल्यावर त्यांतील कांहीं बाण विलायतेस गेले. तेथें वुलिच येथील शस्त्रागारांत विल्यम काँग्रीव्ह ह्यानें, दारूचें प्रमाण बदलून, नळी बदलून, पल्ला मोजून, पुन:पुन्हां प्रयोग केले. आणि ते बाण पुढें जगभर काँग्रीव्हचे म्हणून प्रसिद्ध झाले. म्हैसूरच्या कारागिरांचें कसब कमी नव्हतें. परंतु ज्यानें सर्व बाजूंनीं पाहिलें आणि पाहिलेलें लिहून ठेविलें, त्याचें नांव राहिलें.

आतां पाहणारांविषयीं. अमेरिकेंत टेक्सास प्रांतीं मॅक्ग्रेगर गांवाबाहेर स्पेसएक्स कंपनीचें मोठें खासगी परीक्षणस्थान आहे. हौशी लोक कुंपणाबाहेरच्या वाटेवरून कॅमेरे रोखून एंजिन किती सेकंद चाललें, मध्येंच बंद पडलें काय, ह्याची टिपणें ठेवितात. त्याच प्रांतांत समुद्रकांठीं, १८ जून २०२५ च्या रात्रीं, एंजिनें पेटविण्याच्या तयारींत असलेलें त्या कंपनीचें प्रचंड स्टारशिप यान जागच्या जागीं फुटलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. नायट्रोजन भरलेली एक दाबकुपी फुटली असावी, असें कंपनीनें प्राथमिक तपासानंतर सांगितलें. हौशी मंडळींनीं तो स्फोट टिपला, त्याचें कारण शोधण्यांत रात्री जागविल्या. आणि २६ ऑगस्टला त्याच जातीचें दुसरें यान यशस्वीपणें उडालें तेव्हां त्यांचा आनंद अधिक समजूतदार होता. आपल्याकडील मुलांस नागपूरच्या कुंपणाशीं उभें राहतां येत नाहीं; स्फोटकांच्या आवारांत ते योग्यच होय. त्यांस कंपनी दाखवील तेवढी फीत दिसते. म्हणून न दिसणारी बाजू मनानें पाहण्याची जबाबदारी त्यांवर अधिक येते.

ती बाजू कोणती? संक्रांतीस श्रीसिद्धेश्वराच्या यात्रेंत होम मैदानावर शोभेचें दारूकाम होतें, तेव्हां आपण सारे माना वर करून बाण पाहतों. दारू ठासणारे हात कोणास दिसत नाहींत. १७ डिसेंबर २०२३ रोजीं सकाळीं, ज्या समूहाच्या परीक्षणस्थानाची कथा वर सांगितली त्याच समूहाच्या बाजारगांव येथील कारखान्यांत, स्फोटकें बांधण्याच्या विभागांत स्फोट झाला आणि नऊ कामकरी माणसें दगावलीं. त्यांत सहा स्त्रिया होत्या. तो विभाग एंजिनांच्या परीक्षणाचा नव्हता, हें सांगणें न्यायाचें आहे. तथापि अग्नीशीं व्यवहार करणाऱ्या धंद्यांत कांहीं माणसें पडद्यामागें रोज ज्वाळेच्या शेजारीं बसतात, हें टाळ्या वाजविणाऱ्या मुलांस कोणीतरी सांगितलें पाहिजे. आम्हीं सांगितलें. ओसरी थोडा वेळ गप्प झाली. आक्कांनीं त्या सहा जणींच्या मुलाबाळांची चौकशी केली; आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं.

शेवटीं घरची गोष्ट. ज्या नातवानें आक्कांस तें उत्तर दिलें, तो गेल्या वर्षीं एका प्रवेशपरीक्षेंत मागें पडला होता. त्या दिवसापासून घरांत तो विषय कोणी काढीत नसे. त्याच्या वडिलांचें मत असें कीं रात्रीं बाण पाहण्याचें हें खूळच अपयशाचें मूळ. आणि मुलास पुन्हां बसवावें कीं नाहीं ह्याचा निर्णय वडीलकीच्या नात्यानें आम्हांवर सोंपविलेला होता. आम्हीं त्यास जवळ बसवून विचारलें, "बाळ, चुकलें कोठें?" तो खालीं पाहूं लागला. टेक्सासांतली कुपी कां फुटली हें ज्यास ठाऊक, त्यास आपलें काय बिनसलें तें ठाऊक नव्हतें. कारण निकालांत एक आंकडा आला होता, आणि त्या आंकड्याच्या मागें घरांतल्या कोणीच पाहिलें नव्हतें. आम्हांस तो दोष त्याचा वाटला नाहीं. आम्हीं स्वत: अनेक वर्षें शाळेंत परीक्षा घेतल्या; खरें बोलावयाचें तर निकालच लाविले. वहीवर तांबडा आंकडा घातला कीं आमचें कर्तव्य संपत असे.

मग त्याचीं उत्तरें मिळवून आम्ही दोघे तीन रात्रीं ओसरीवर बसलों. आजचें गणित आम्हांस येत नाहीं. तो समजावून सांगे, आम्ही ऐकत असूं. तिसऱ्या रात्रीं तो एकाएकीं थांबला. अवघड प्रश्न त्याचे चुकले नव्हते; सोपेच चुकले होते, आणि ते बहुतेक सारे अखेरच्या अर्ध्या तासांतले. सलग तीन तास बसून पेपर सोडविण्याचा सराव त्यानें एकदांही केला नव्हता.

"आजोबा," तो म्हणाला, "एंजिन ठीक आहे. जळण्याचा वेळ कमी पडतो."

हें वाक्य आम्हीं जसेंच्या तसें त्याच्या वडिलांस सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं कपाटांतलें जुनें गजराचें घड्याळ त्यांनीं स्वत: चावी देऊन ओसरीवर आणून ठेविलें. आतां दर रविवारीं सकाळीं मुलगा तीन तास जागचा हलत नाहीं, आणि आक्का माळ घेऊन समोर बसतात. पुढील निकाल काय लागेल हें आज सांगतां येत नाहीं. आक्कांस मात्र त्यांच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें आहे, मुलांनीं गडबड केली कीं त्या बोट ओंठांवर ठेवून म्हणतात, "हळू बोला रे, बाण बांधलेला आहे."