वय झाले म्हणून धावू नये?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पोलीस भरतीत पुरुष उमेदवारांना १६०० आणि १०० मीटर धावावे लागते, म्हणून रोज पहाटे मी मैदानावर जातो. एकदा वडीलही आले. पन्नाशीचे, जन्मभर शेतात राबलेले. माझ्याबरोबर जीव तोडून धावले आणि चाळीस पावलांवर मांडीमागे लचक भरून मटकन खाली बसले.

बघणारे हसले, "या वयात हे चाळे कशाला?"

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. कष्ट वेगळे, वेग वेगळा. दिवसभर औतामागे चालणाऱ्याचा दम टिकतो. पण झटक्यात जोर लावणारे स्नायुतंतू वापराविना राहतात आणि वाढत्या वयात तेच अधिक झिजतात. पाय घसरला तर तोल सावरायला नेमके तेच लागतात.

चूक धावण्यात नव्हती, तयारीविना धावण्यात होती. आधी दहा मिनिटे अंग गरम करावे. पहिले काही आठवडे निम्म्याच वेगाने, शक्यतो चढावर धावावे. मग आठवड्यातून एकदोनदा पूर्ण वेगाच्या चारपाच छोट्या धावा, मध्ये भरपूर विसावा. हृदयविकार वा रक्तदाब असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांना विचारावे.

लचक केव्हाच बरी झाली. आता पहाटे वडीलच मला उठवतात. आम्हाला मैदानावर धाडून स्वतः सावलीत उभ्या राहणाऱ्या गुरुजनांनीही एकदा यावे, ही नम्र विनंती. मैदान मोकळेच असते.