गणवेशाने समता येते, हे कोणी सांगितले?

१/ दर जूनमध्ये शाळा उघडल्या की एक विधान हमखास फिरू लागते: गणवेशामुळे गरीब-श्रीमंत भेद मिटतो, म्हणून तो सक्तीचा असावा. विधान इतके सवयीचे झाले आहे की त्याचा पुरावा कोणी मागत नाही. इतिहासाच्या वाचकाने तरी तो मागावा, कारण सुरुवातीच्या शालेय गणवेशाचे काम नेमके उलटे होते.

२/ १५५२ मध्ये लंडनमध्ये ‘क्राइस्ट्स हॉस्पिटल’ स्थापन झाले. नाव रुग्णालयाचे वाटले तरी ती अनाथ व निर्धन मुलांना आसरा आणि शिक्षण देणारी संस्था. मुलांच्या अंगात लांब निळा झगा, कमरेला चामडी पट्टा, पायांत पिवळे मोजे. निळा रंग स्वस्त, आणि त्या काळी नोकरचाकरांच्या अंगावरचा. पुढे इंग्लंडभर धर्मादाय शाळा निघाल्या, त्यांतील अनेकींना ‘ब्लूकोट’ हेच नाव पडले. रस्त्याने जाणारे मूल दुरून दिसले तरी ते दानावर शिकते आहे, हे कळत असे.

३/ आणि हे कळावे, अशीच इच्छा होती. आयझॅक वॉट्स हा प्रसिद्ध स्तोत्रकार धर्मादाय शाळांचा कैवारी. या शाळा गरिबांच्या मुलांना डोक्यावर चढवतात, असा आक्षेप घेणाऱ्यांना त्याने १७२८ च्या निबंधात दिलासा दिला: या मुलांचे कपडे जाडेभरडे आणि अगदी साधे असतात, त्यामुळे वरच्या थरातील मुलांहून ती वेगळी ओळखू येतात, तशी ती ओळखू यायलाच हवीत. हे शाळांच्या हितचिंतकाचे समर्थन आहे, याची नोंद घ्यावी.

४/ पुढे ईटन, हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतही ठरावीक पोशाख रूढ झाला आणि गणवेशाला प्रतिष्ठा आली. आपल्याकडे तो बराचसा याच प्रतिष्ठित रूपात, इंग्रजी वळणाच्या शाळांच्या वाटेने आला. धर्मादायाची खूण वाटेतच गळून पडली.

५/ कपड्यांनी भेद झाकला जातो का, याची परीक्षा मात्र महाराष्ट्राच्याच भूमीवर होऊन गेली आहे. साल १९०१. बाल भीमराव, त्यांचे बंधू आणि बहिणीची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरली. वडील दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांच्याकडे ही मुले निघाली होती. प्रवासासाठी मुद्दाम नवे कपडे घेतलेले: इंग्रजी पद्धतीचे सदरे, झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरे. ही ब्राह्मणांची मुले, असे समजून स्टेशनमास्तरांनी आस्थेने चौकशी केली. मुलांच्या तोंडून ‘महार’ हा शब्द निघताच त्यांचा चेहरा पालटला आणि ते मागे सरले. एकही गाडीवान मुलांना गाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे घ्यायचे, बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असे ठरले. याच भीमरावांना शाळेत बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपाई नसेल त्या दिवशी नळाचे पाणी मिळत नसे. हे सारे आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात नोंदवले आहे. त्या दिवशी मुलांच्या कपड्यांत काहीच कमी नव्हते. भेद पोशाखात नव्हताच, तो विचारणाऱ्याच्या प्रश्नात होता. आणि तो प्रश्न आजही शाळेच्या पटावर आडनावाच्या रूपाने हजर असतो.

६/ गणवेशाच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे. ज्या घरात एकच धड सदरा आहे, त्या घराला रोज नवा कपडा शोधावा लागत नाही. कित्येक कष्टकरी आईवडील याचसाठी गणवेश मागतात. त्यांना पुस्तकी उपदेश करणे उद्धटपणाचे ठरेल. पण हा लाभ कापड हाती पडल्यावरचा आहे. क्राइस्ट्स हॉस्पिटलचा निळा झगा आजही टिकून आहे आणि तेथील विद्यार्थी तो अभिमानाने मिरवतात. तो त्यांना शाळेकडून विनामूल्य मिळतो, हा तपशील आपल्याकडचे गणवेशप्रेमी सांगत नाहीत.

७/ आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम ३ सांगते की, प्राथमिक शिक्षण पूर्ण होण्याच्या आड येईल असे शुल्क वा खर्च मुलावर लादता येणार नाही. समग्र शिक्षा योजनेत दोन गणवेशांसाठी विद्यार्थ्यामागे वर्षाला ६०० रुपयांची तरतूद आहे. २०२४ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणत महाराष्ट्र शासनाने कापडखरेदी राज्यपातळीवर नेली. जूनमध्ये शाळा भरल्या, १५ ऑगस्टचे झेंडावंदन झाले, तरी अनेक शाळांत नवा गणवेश पोहोचला नव्हता. डिसेंबरमध्ये हे अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवावे लागले. उशीर शासनाचा असला की नवा आदेश निघतो. मुलाचा असला की त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते.

८/ खाजगी शाळांची तऱ्हा वेगळी. ठरावीक दुकान, छातीवर बोधचिन्ह, खेळाच्या तासाचा निराळा संच. इंग्लंडने २०२१ मध्ये गणवेशाच्या खर्चाविषयी कायदाच केला. त्यानुसार बोधचिन्हाचे कपडे कमीत कमी ठेवण्याचे मार्गदर्शन शाळांना पाळावे लागते. येथेही तसे व्हावे: खाजगी शाळेने कोणत्याही बाजारात मिळेल असा साधा रंग ठरवावा, आणि सरकारी शाळेत गणवेशाची सक्ती करायची तर तो पहिल्या घंटेआधी मुलाच्या हाती द्यावा. तोवर गणवेश नाही म्हणून एकाही मुलाची हजेरी नाकारली जाऊ नये.